घोड्याची भूल

श्रोतेहो, भूल देऊन माणसावर शस्त्रक्रिया होते, तेव्हां शेवटचा टांका पडला कीं घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. घोड्याच्या बाबतींत मात्र अर्धी काळजी तेथून पुढें सुरू होते. असें कां, आणि मनुष्याला हें कसें कळत गेलें, याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

इ. स. १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें मॉर्टन यानें इथरचा प्रयोग करून दाखविला. पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म पुढें आणला. त्यापूर्वीं घोड्याचे पाय दोरांनीं जखडून त्यास पाडीत, चार माणसें दाबून धरीत, आणि साळोत्री आपलें काम घाईघाईनें उरकी. भुलीनें वेदना गेली; पण घोड्याचें शरीर व स्वभाव पूर्वींचेच राहिले.

हें शरीर सुमारें ४५० ते ५०० किलो वजनाचें असतें. तें आडवें पडलें कीं जड आंतडीं फुप्फुसांकडे ढकललीं जातात आणि रक्तास प्राणवायु कमी मिळूं लागतो. खालच्या अंगाचे स्नायु दबतात. त्यांतच रक्तदाब उतरला तर ते निकामी होऊं लागतात व जागा झालेला घोडा पाय टेकूं शकत नाहीं. म्हणून खालीं जाड गादी हवी, आणि रक्ताचा सरासरी दाब पाऱ्याच्या ७० मिलिमीटरांखालीं जाऊं देतां कामा नये. तोंडावरच्या मोहरकीचें बक्कल गालाखालीं राहिलें तर मज्जातंतु दबून ओठ लुळा पडतो. शिवाय घोडा तोंडानें श्वास घेऊं शकत नाहीं. नाकांत सूज आली कीं त्याचा जीव कोंडतो.

स्वभावाची गोष्ट याहून कठीण. पळून जीव वांचविणारें हें जनावर! शुद्धि पुरती येण्यापूर्वींच तें उठूं पाहतें. १९७५ च्या ६ जुलै रोजीं न्यूयॉर्कच्या बेल्मॉन्ट मैदानावर रफियन नांवाच्या, तोंवर एकदांही न हरलेल्या घोडीच्या पुढच्या उजव्या पायाचीं हाडें धांवतां धांवतां मोडलीं. त्याच रात्रीं शस्त्रक्रिया झाली. परंतु भूल उतरतांना ती पडल्या जागींच धांवूं लागली. पायाचें प्लॅस्टर निखळलें, कोपराला नवी इजा झाली, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे तिला दयेनें मरण द्यावें लागलें.

हें एकट्या रफियनचें दुर्दैव नव्हे. २००२ सालीं ब्रिटनमधील तज्ज्ञांनीं ४१,८२४ घोड्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पोटशूळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी भूल दिलेल्यांपैकीं शेकडा ०.९ घोडे सात दिवसांच्या आंत दगावले होते. हृदय बंद पडणें हें पहिलें कारण, आणि उठतांना मोडलेलें हाड हें दुसरें!

उपाय याच जाणिवेंतून निघाले. गादीच्या भिंतींची अंधारी, निवांत खोली. डोक्याला व शेपटीला बांधलेले आधाराचे दोर. आणि पेन्सिल्व्हेनियांतील न्यू बोल्टन येथें तर कोमट पाण्याचा हौद. मे २००६ मध्यें बार्बारो या केंटकी डर्बी जिंकलेल्या घोड्याच्या मागच्या उजव्या पायांत २७ स्क्रू बसविल्यावर, रबरी तराफ्यांत घालून त्याला त्या हौदांतच शुद्धीवर आणलें. रफियनवर ओढवलेला प्रसंग टळला.

पण शत्रु दुसऱ्या दारानें आला. दुखरा पाय जपतांना भार धडक्या पायावर पडतो आणि त्या खुराच्या आंतील जिवंत पापुद्रे सुजून सुटूं लागतात. जुलैंत बार्बारोच्या मागच्या डाव्या खुराला हाच विकार जडला; २९ जानेवारी २००७ रोजीं त्याचाही शेवट करावा लागला.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस जाणता मोतद्दार खुरावर हात ठेवून ऊन लागतें काय तें पाहतो, कोणत्या पायावरून घोडा वारंवार भार बदलतो हें न्याहाळतो, आणि लीद किती वेळां पडली तें मोजतो. कारण लीद थांबणें ही पोटशूळाची पहिली सूचना होय. घोडा आपलें दुखणें सांगत नाहीं. तें वेळीं ओळखणें हेंच त्याच्या जिवाचें रक्षण.

श्रोतेहो, या विद्येची प्रगति यशाइतकीच अपयशाच्या नोंदींवर झाली आहे. मेलेल्या घोड्यांचा हिशेब प्रामाणिकपणें ठेवला गेला, म्हणूनच आज पुष्कळ घोडे भूल उतरल्यावर आपल्या चारही पायांवर उभे राहतात.