भागीचे वीर

'भागीचे घोडे किवणाने मेले' ही म्हण आपल्याकडे वाटण्यांच्या वेळी हमखास ऐकू येते. घोडे दोघांचे, म्हणून त्याची मलमपट्टी कोणीच करीत नाही. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात आणि मुके जनावर मात्र चिघळलेल्या जखमेने मरते. आज सांगावयाची गोष्ट अशाच एका घोड्याची आहे. फरक इतकाच की हे घोडे कागदाचे, आणि त्याचे मालक अमेरिकेतील दोन बडे प्रकाशक. या गोष्टीतील नावे घरातल्या मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. तेव्हा फराळाच्या वेळी त्यांनाही जवळ बसवून घ्यावे, म्हणजे अडेल तेथे विचारता येईल.

१९९६ सालच्या वसंतात अमेरिकेतील चित्रकथांच्या दुकानांत 'अमाल्गम कॉमिक्स' या नावाची १२ पुस्तके एकदम येऊन दाखल झाली. हे नाव त्यापूर्वी कोणी ऐकले नव्हते. पण पुस्तकांचा थाट असा की जणू ही पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे! वाचकांच्या पत्रव्यवहारात कधीच न निघालेल्या जुन्या अंकांच्या आठवणी निघत होत्या. पत्रे बनावट, अंक बनावट, आणि नायक तर त्याहून अजब. वटवाघळाचा वेष घेणारा बॅटमन आणि मुठींतून नखे बाहेर काढणारा वुल्व्हरिन हे दोघे मिळून एकच 'डार्क क्लॉ' झाला होता. त्याचे खरे नाव लोगन वेन, म्हणजे पहिले याचे आणि आडनाव त्याचे. सुपरमॅन आणि कॅप्टन अमेरिका मिळून 'सुपर-सोल्जर'; स्पायडर-मॅन आणि सुपरबॉय मिळून 'स्पायडर-बॉय'; वंडर वुमन आणि स्टॉर्म या दोघी मिळून 'अॅमेझॉन'. अमाल्गम म्हणजे पाऱ्यात दुसरा धातू मिसळून केलेले मिश्रण. दंतवैद्य दाढेत भरीत आले ते हेच. नाव अगदी चपखल होते, कारण एकत्र आलेले हे वीर दोन वैरी घरांतले होते.

हे वैर समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९३८ साली क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी आपला सुपरमॅन एका प्रकाशकाला विकला. मोबदला किती? १३ पानांचे १३० डॉलर. आणि त्याबरोबर नायकाचे सर्व हक्कही गेले. तीच पेढी पुढे डी. सी. म्हणून प्रसिद्धीस आली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'टाइमली' नावाची दुसरी पेढी या धंद्यात उतरली. १९४१ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी तिच्यासाठी कॅप्टन अमेरिका निर्माण केला, आणि १९६० नंतर ही पेढी मार्व्हल या नावाने गाजू लागली.

आपल्या वीराच्या वाऱ्याला दुसऱ्याने उभे राहू नये, असा त्या काळचा खाक्या होता. फॉसेट नावाच्या प्रकाशकाचा 'कॅप्टन मार्व्हल' सुपरमॅनहून अधिक खपू लागला, तेव्हा सुपरमॅनच्या मालकांनी ही नक्कल आहे म्हणून १९४१ साली दावा ठोकला. तो बारा वर्षे चालला. अखेरीस १९५३ मध्ये फॉसेटने ४ लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि आपला वीर मिटवून टाकला. गंमत अशी की १९६७ मध्ये ते पडीक नाव मार्व्हलने उचलले. १९७२ मध्ये डी. सी.ने तोच जुना वीर फॉसेटकडून परवान्यावर घेतला, तेव्हा त्याच्या मासिकावर त्याचे स्वतःचे नाव घालण्याची सोय उरली नव्हती! वीर एकाच्या घरी आणि नाव दुसऱ्याच्या.

याहून मौजेची हकीकत १९५७ सालची आहे. मार्व्हलची वितरणव्यवस्था त्या वर्षी कोलमडली आणि आपली मासिके बाजारात पोचवण्यासाठी तिला डी. सी.च्या मालकांच्याच वितरण-कंपनीचे पाय धरावे लागले. त्यांनी अट घातली की महिन्याला फक्त आठच मासिके. स्पायडर-मॅनचा जन्म १९६२ चा. म्हणजे तो पोरगा वैऱ्याच्याच गाडीतून प्रथम बाजारात आला!

दोन घरांचा पहिला सोयरसंबंध वीरांच्या बाबतीत १९७६ मध्ये जुळला. त्या वर्षी सुपरमॅन आणि स्पायडर-मॅन एका मोठ्या आकाराच्या पुस्तकात भेटले. प्रथम गैरसमजाने लढले आणि मग एक होऊन खलनायकांवर तुटून पडले. मग आणखी दोन-तीन भेटी झाल्या. परंतु १९८३ मध्ये दोन्ही घरांचे वीरसंघ एकत्र आणण्याचा बेत कथानकावरच्या वादात फसला. चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी काढलेली सुमारे २० पाने तशीच बासनात राहिली.

मग १९९६ मध्ये या भाऊबंदांना एकाएकी प्रेमाचे भरते का आले? उत्तर साधे आहे : दोघांनाही दिवस वाईट आले होते. १९९० च्या सुमारास लोक चित्रकथा वाचण्यासाठी नव्हे तर पुढे भाव येईल म्हणून साठवू लागले होते. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या एका अंकाच्या ८० लाखांवर प्रती निघाल्या. पण जे घरोघरी ट्रंका भरून आहे त्याला भाव कोठून येणार? बाजार कोसळला, दुकाने बंद पडू लागली, आणि कालपर्यंत तोंड न पाहणारे दोघे एका पाटावर येऊन बसले.

झुंजीची मालिका चार अंकांची ठरली. पहिला आणि चौथा अंक डी. सी.ने काढायचा, मधले दोन मार्व्हलने. शीर्षकात कोणाचे नाव आधी, हेसुद्धा त्याप्रमाणे आलटून पालटून. अकरा लढतींपैकी पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला होता. सुपरमॅनने हल्कला हरवले आणि बॅटमनने कॅप्टन अमेरिकेला. उरलेल्या तीन लढती मार्व्हलकडे गेल्या. तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या मध्ये कथेतील दोन विश्वे एकमेकांत मिसळून गेली, आणि त्या फटीतून ही १२ पुस्तके जन्मली. सहा यांची, सहा त्यांची.

यातील सगळीच काही थोर नव्हती; पण उत्तम होती ती खरोखरच विचार करून घडवलेली होती. मार्क वेड आणि डेव्ह गिबन्स यांचा सुपर-सोल्जर पाहा. मूळ कथेत आकाशातून आलेले अर्भक जगते आणि सुपरमॅन होते. येथे ते मेलेलेच सापडते. त्याच्या शरीरातून शास्त्रज्ञ एक औषध तयार करतात, ते क्लार्क केंट या साध्या मनुष्याला टोचतात, आणि कॅप्टन अमेरिकेप्रमाणेच हाही पुढे बर्फात गोठून राहतो. दोन कथांचे सांधे असे जुळवले आहेत की कोठला टाका कोणाचा ते शोधण्यातच वाचकाचा आनंद आहे. वाचकाला दोन्ही घरे ठाऊक असतील तरच ही मौज कळणार.

आपल्याला ही कल्पना मुळीच परकी वाटू नये. हरि आणि हर एकाच मूर्तीत पाहण्याची आपल्याला सवय आहे. विठ्ठलाचे तोंड न पाहण्याचा निश्चय केलेल्या नरहरी सोनाराच्या हाताला, डोळे बांधलेले असताना, तीच मूर्ती शंकराची लागली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु हरिहराची मूर्ती घडवताना शिल्पकाराने कोणाचा परवाना काढला नव्हता. देव सर्वांचे होते. हे वीर मात्र कंपन्यांचे होते.

आणि घोडे नेमके येथेच अडले. १९९७ मध्ये आणखी १२ पुस्तके निघाली आणि मग सारे थांबले. दरम्यान मार्व्हलने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. डार्क क्लॉची नवी कथा काढायची तर दोघांची संमती हवी. एकट्याने काढली तर दुसऱ्याच्या अर्ध्या वीराची चोरी होईल. २००९ मध्ये मार्व्हल डिस्नेच्या ताब्यात गेली, डी. सी. वॉर्नरच्या घरात होतीच; कुलपे आणखी जड झाली. त्या वेळच्या संग्रहांनंतर ही पुस्तके पुन्हा एकत्र छापली गेली ती २०२४ मध्ये. २०२५ मध्ये दोन्ही घरांनी बॅटमन आणि डेडपूल यांची भेटही घडवून आणली.

मात्र या साऱ्या हिशेबात एक नोंद राहून जाते. जेरी सीगल २८ जानेवारी १९९६ रोजी वारले. त्यांचा सुपरमॅन दुसऱ्याच्या वीरात मिसळला गेला तो त्याच वसंतात. १३० डॉलरांना विकलेल्या मुलासाठी त्यांनी उभे आयुष्य भांडणात घालवले होते. १९७५ च्या अखेरीस लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कोठे त्यांना आणि शुस्टर यांना वर्षाला २०,००० डॉलरांचे वेतन आणि पुस्तकावर नाव मिळाले. मालक कोण हे ठरवायला वकील होते. आईबाप कोण हे सांगायला मात्र वाचकांनाच उभे राहावे लागले.

म्हणून शेवटची हकीकत बरी वाटते. पेरेझ यांचा १९८३ चा फसलेला बेत २००३-०४ मध्ये त्यांच्याच हातून, नव्या कथेसह, पुरा झाला. २०२१ च्या अखेरीस त्यांनी आपल्याला असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर केले. तेव्हा दोन्ही घरांनी परवानगी दिली आणि त्या पुस्तकाच्या ७,००० प्रती पुन्हा छापल्या गेल्या. उत्पन्न हलाखीत सापडलेल्या चित्रकथाकारांना मदत करणाऱ्या एका संस्थेला द्यायचे ठरले. पुस्तक मार्च २०२२ मध्ये निघाले. मे महिन्यात पेरेझ गेले.

भागीच्या घोड्याला दोन मालक असले म्हणून ते मरतेच असे नाही. त्याला वाढवणाऱ्या मोतद्दाराची दोघांनाही आठवण असली, म्हणजे पुरे.