बांधामागून आलेले शेजारी

वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. त्याच्या उत्तर टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी कोळीवाडा आहे. अरुंद गल्ल्या, दारात पसरलेली जाळी आणि उंचावर गोल्फादेवी. महत्त्वाचं काही ठरवायचं असलं की इथली माणसं आधी तिला कौल लावतात.

एके काळी वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून भरतीचं पाणी थेट भायखळ्यापर्यंत शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत ही खिंड बुजवायला घेतली आणि १७८४च्या सुमारास बांध पुरा झाला. काम सारखं ढासळत होतं. रामजी शिवजी प्रभूंना स्वप्नात दृष्टान्त झाला, समुद्रातून देवींच्या मूर्ती निघाल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. मुंबईच्या इतिहासात या बांधाचं कौतुक भरपूर आहे. ज्यांच्या होड्या त्या पाण्यात फिरत होत्या, त्यांचा उल्लेख मात्र शोधावा लागतो.

बांधामागची दलदल भरत गेली, तिथे गिरण्या आल्या, आणि १९२०च्या दशकात बीडीडी चाळी. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्यांत कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार राहू लागले. कोकणातल्या माणसाला मासळीशिवाय जेवण जात नाही. कोळणीच्या पाटीतला ताजा बोंबील, पावसाळ्यात सुकट आणि सोडे, यांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. होडी पुरुषाची, पण बाजार बाईचा: भाव तिने करायचा, पैसा तिने सांभाळायचा. कामगारांच्या १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी त्या गिऱ्हाइकाचीही रया गेली.

इथली मासेमारी बरीचशी किनाऱ्यालगतची. होड्या लहान, आणि खडकांच्या आसऱ्याला शेवंड, खेकडे. ओहोटीला बायका उघड्या पडलेल्या खडकांवर उकिडव्या बसून कालवं फोडतात. शिंपलं अलगद उघडून आतला गर भांड्यात टाकायचा. भरती परतायच्या आत जेवढं होईल तेवढं.

म्हणूनच मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा वाद निव्वळ रस्त्याचा नव्हता. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरासमोर या मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत साठ मीटर अंतर ठरलं होतं. वारा आणि प्रवाह आडवे आले की होडी खांबावर आदळेल, असं मच्छीमार सांगत राहिले आणि त्यांनी काम रोखून धरलं. त्यांना एकशेसाठ मीटरच्या पुढे अंतर हवं होतं. अखेर २०२२च्या डिसेंबरात एकशेवीस मीटर मान्य झालं.