पोटातली गाठ आणि नोंदवही

औंढा नागनाथ असो की लंडन, विल्म्स ट्यूमर बहुधा एकाच तऱ्हेने उघडकीला येतो: तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना आईच्या हाताला कुशीत टणक गोळा लागतो. माक्स विल्म्स या जर्मन शल्यचिकित्सकाने 1899 मध्ये मूत्रपिंडाच्या या कर्करोगावर ग्रंथ लिहिला. त्याचं प्रमाण जगात सर्वत्र सारखंच असतं, असं 1970 च्या दशकात मांडलं गेलं. 1990 मध्ये अनेक देशांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा ते टिकलं नाही. 15 वर्षांखालील 10 लाख मुलांमागे युरोपात वर्षाला साधारण 8-9 रुग्ण आढळतात, पूर्व आशियात त्याच्या निम्मे; कृष्णवर्णीय मुलांत सर्वांत जास्त.

यावर आक्षेप असा, की खेड्यापाड्यांत नोंदच होत नसेल तर आकडे कमीच दिसणार. आक्षेप रास्त आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 ची, पण देशातली पहिली ग्रामीण नोंदणी बार्शीला सुरू व्हायला 1987 उजाडलं. तिथे कर्मचाऱ्यांना गावोगाव फिरून रुग्ण शोधावे लागले. मात्र चोख नोंदींच्या जपानातही प्रमाण कमीच आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या आशियाई वंशाच्या मुलांतही कमी, तर तिथल्या कृष्णवर्णीय मुलांत जास्त. देश बदलूनही फरक टिकतो, म्हणजे हवापाण्यापेक्षा वंशाच्या जनुकांचा वाटा मोठा असावा. तरीही लहान आकडा पाहून निर्धास्त राहणं परवडणारं नाही: वेळेवर उपचार मिळाले तर 10 पैकी सुमारे 9 मुलं वाचतात.