तोफखान्याचे निरीक्षक वैमानिक : शोध आणि स्मरण

तोफेजवळ उभ्या असलेल्या तोफच्याला आपला गोळा कोठे पडला, हे सहसा दिसत नाही. टेकडी, झाडी किंवा केवळ अंतर यांमुळे लक्ष्य त्याच्या दृष्टीआड असते. गोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, डावीकडे की उजवीकडे, हे आकाशातून पाहून तोफखान्यास दुरुस्त्या कळविणाऱ्या वैमानिकास तोफखान्याचा निरीक्षक वैमानिक म्हणतात. दोन्ही महायुद्धांत आणि भारताच्या स्वातंत्र्योत्तर युद्धांत या वैमानिकांनी केलेल्या कामगिरीची माहिती युद्धेतिहासात आढळते. पण त्यांतील मृतांची एकत्रित नोंद मात्र सहजी सापडत नाही. हे वैमानिक भूसेना आणि वायुसेना या दोहोंच्या सीमेवर काम करीत. गणवेशावरील चिन्ह एका दलाचे आणि विमान दुसऱ्या दलाचे, अशी त्यांची स्थिती होती. जी माणसे दोन दलांची असतात, ती पुष्कळदा एकाही दलाच्या यादीत ठळकपणे येत नाहीत. त्यांचा शोध घेण्याची अडचण मुख्यतः या दुहेरीपणातून उद्‌भवते.

पहिल्या महायुद्धापूर्वी निरीक्षणासाठी दोरीने बांधलेले बलून वापरीत. १९१४ मध्ये पश्चिम आघाडीवर विमानातून बिनतारी संदेश पाठविण्याचे प्रयोग सुरू झाले. डी. एस. लुइस आणि बी. टी. जेम्स हे दोन ब्रिटिश अधिकारी या प्रयोगांत अग्रेसर होते. पुढे रूढ झालेल्या पद्धतीस घड्याळपद्धती म्हणतात. लक्ष्य घड्याळाच्या केंद्रस्थानी आहे आणि बाराचा आकडा उत्तरेस आहे, असे मानीत. लक्ष्याभोवती ठरावीक अंतरांवर कल्पिलेल्या वर्तुळांना अक्षरे दिलेली असत. ‘ए’ हे वर्तुळ ५० यार्डांचे, ‘बी’ १०० यार्डांचे आणि ‘सी’ २०० यार्डांचे होते. वैमानिकाने ‘बी ३’ एवढाच संदेश पाठविला, तरी गोळा लक्ष्याच्या पूर्वेस १०० यार्डांवर पडल्याचे तोफखान्यास कळे. विमानातील यंत्र संदेश पाठवू शके, घेऊ शकत नसे. म्हणून तोफखाना जमिनीवर कापडाच्या पट्ट्या अंथरून उत्तर देई. पद्धत इतकी सुटसुटीत होती, की ती युद्धाच्या अखेरपर्यंत टिकली. तिचे दोन्ही प्रवर्तक मात्र टिकले नाहीत. जेम्स १३ जुलै १९१५ रोजी आणि लुइस १० एप्रिल १९१६ रोजी आघाडीवर मारले गेले.

हे काम धोक्याचे होते, कारण ते संथ होते. एका लक्ष्यावर मारा जुळेपर्यंत विमानाला त्याच भागात घिरट्या घालाव्या लागत आणि तेवढा वेळ ते शत्रूच्या विमानविरोधी तोफांना व लढाऊ विमानांना आयतेच सापडे. स्वपक्षाच्या गोळ्यांचा प्रक्षेपमार्गही त्याच आकाशातून जाई. आपल्याच गोळ्याने विमान फुटल्याच्या घटना घडल्या आहेत. एप्रिल १९१७ मधील अरासच्या लढाईच्या सुमारास ब्रिटिश वैमानिक दलाने एका महिन्यात २४५ विमाने गमावली. त्यांत तोफखान्यासाठी निरीक्षण व छायाचित्रण करणारी मंदगती विमाने मोठ्या संख्येने होती. लढाऊ विमानांचे द्वंद्वयुद्ध पुढे कथा-कादंबऱ्यांत गाजले; पण शत्रूची निरीक्षक विमाने पाडणे आणि आपली सांभाळणे, हाच त्या द्वंद्वाचा मूळ हेतू होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

याच आघाडीवर एका मराठी आडनावाचा वैमानिक मारला गेला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक दलात लढलेल्या मोजक्या भारतीयांपैकी एक होत. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरल सेन हे इतर तिघे. वेलिणकर निरीक्षक वैमानिक नव्हते. तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये ते डॉल्फिन जातीचे एकआसनी लढाऊ विमान चालवीत. जून १९१८ च्या अखेरीस ते उड्डाणावरून परतले नाहीत. जर्मनांच्या ताब्यातील प्रदेशात ३० जून रोजी त्यांचा मृत्यू झाला. जर्मन नोंदीत त्यांचे आडनाव ओळखू न येण्याइतके बदलून गेले होते. त्यामुळे कबर कोणाची, हे युद्ध संपल्यावर शोध घेतल्यानंतरच निश्चित झाले. आज फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. परकीय लेखनिकाच्या कानाने लिहिलेले भारतीय नाव ही अशा संशोधनातील नित्याची अडचण आहे. वेलिणकरांच्या बाबतीत ती दूर झाली. ते अधिकारी होते व त्यांच्यासाठी चौकशी करणारे लोक होते. असंख्य शिपायांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

दुसऱ्या महायुद्धात निरीक्षणाची व्यवस्था बदलली. वायुसेनेच्या वैमानिकाला तोफखान्याचे तंत्र शिकविण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच हलके विमान चालविण्यास शिकवावे, असा आग्रह चार्ल्स बेझली या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने धरला. त्यासाठी फेब्रुवारी १९४० मध्ये एक प्रायोगिक तुकडी उभारण्यात आली. ऑगस्ट १९४१ मध्ये ६५१ क्रमांकाचे पहिले हवाई निरीक्षण स्क्वॉड्रन स्थापन झाले व पुढील क्रमांकांची स्क्वॉड्रने त्यामागोमाग आली. त्यांची घडण विलक्षण होती. स्क्वॉड्रन वायुसेनेचे, विमाने वायुसेनेची, यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर वायुसेनेचे. वैमानिक मात्र तोफखान्याचे अधिकारी, तर मोटारचालक आणि संदेशवाहक तोफखान्याचे सैनिक. ऑस्टर हे त्यांचे विमान शस्त्रहीन होते आणि लहानशा शेतातूनही उड्डाण करू शके. वैमानिक आपल्याच रेषेच्या मागे झाडांच्या उंचीवर वावरे, काही मिनिटांपुरता वर चढून मारा पाही आणि पुन्हा खाली येई. त्याचे संरक्षण एवढेच होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो नासिकजवळच्या देवळालीमुळे. येथील तोफखाना विद्यालय हे भारतीय तोफखान्याचे प्रमुख शिक्षणकेंद्र आहे. १९४३ च्या उत्तरार्धात ६५६ क्रमांकाचे स्क्वॉड्रन मेजर डेनिस कॉइल यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडहून भारतात आले. देवळालीच्या परिसरात तयारी करून ते १९४४ च्या आरंभी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. आराकान, इंफाळ आणि त्यानंतर मध्य ब्रह्मदेश असा चौदाव्या सेनेबरोबर त्याचा प्रवास झाला. दाट अरण्यात जमिनीवरील निरीक्षकाला पन्नास पावलांपलीकडचे दिसत नसे. त्यामुळे या विमानांची गरज यूरोपपेक्षा तेथे अधिक होती आणि विमान पडल्यावर त्याचा माग लागणेही तितकेच कठीण होते.

या स्क्वॉड्रनमधील मृतांचा शोध घेऊ लागल्यास दुहेरीपणाचा प्रत्यय लगेच येतो. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या पद्धतीनुसार ज्याची कबर सापडली नाही, त्याचे नाव स्मारकावर कोरले जाते. पण कोणत्या स्मारकावर, ते त्याच्या दलावरून ठरते. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत नाहीशा झालेल्या भूसैनिकांची सुमारे २७,००० नावे यांगोनजवळील टाउचान येथील रंगून स्मारकावर आहेत. आग्नेय आशियात नाहीशा झालेल्या वायुसैनिकांची नावे मात्र सिंगापूरमधील क्रांजी येथे आहेत. म्हणजे एकाच स्क्वॉड्रनमधील वैमानिक आणि कारागीर एकाच दिवशी अरण्यात नाहीसे झाले, तर वैमानिकाचे नाव एका देशात आणि कारागिराचे दुसऱ्या देशात कोरले जाणार. वैमानिकाचे नाव तोफखान्याच्या हजारो नावांत मिसळते आणि तो उडत होता, हे तेथे दिसेलच असे नाही. वायुसेनेच्या यादीत वैमानिक शोधणाऱ्याला तो सापडतच नाही. म्हणून स्क्वॉड्रनची दैनंदिन उड्डाणनोंद आणि भूसेनेची युद्धदैनंदिनी या दोन्ही शेजारी ठेवून तारीखवार ताडून पाहाव्या लागतात. वैमानिकाचे स्वतःचे उड्डाणपुस्तक कुटुंबाकडे शिल्लक असल्यास ते तिसरे आणि पुष्कळदा सर्वांत विश्वसनीय साधन ठरते.

भारतातच मृत्यू पावलेल्यांची कथा निराळी आहे. पश्चिम व मध्य भारतातील ज्या कबरींची कायमची निगा राखणे अशक्य होते, त्या पुण्याजवळील खडकी येथील युद्धस्मशानभूमीत हलविण्यात आल्या. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६०० हून अधिक कबरी आहेत. कबर खडकीत असल्याने मृत्यू पुण्यात झाला, असे अनुमान काढता येत नाही. मृत्यूचे मूळ स्थळ स्वतंत्रपणे शोधावे लागते. मध्य प्रांतातील छावण्या व धावपट्ट्यांविषयी शोध घेणाऱ्याने तर ही बाब विसरूच नये.

मृताचे स्मरण कसे करावे, याविषयी महाराष्ट्रात जुन्या प्रथा आहेत. लढाईत पडलेल्या वीरासाठी गावाच्या वेशीवर वीरगळ उभारीत. वडसा (देसाईगंज) पासून दक्षिणेकडे पसरलेल्या गडचिरोलीच्या वनप्रदेशात माडिया गोंड लोक मृताच्या नावाने शिळा उभी करतात. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. वीरगळावर बहुधा नाव नसते आणि माडियांच्या शिळेवर अक्षर नसते. पण ती कोणाची, हे गावाला ठाऊक असते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने गावोगाव बसविलेल्या शिलालेखांत नेमके उलटे घडले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे येथील स्मारक या गावातील ४६ जण कामी आल्याचे सांगते. अशा लेखांत आकडा असतो, नावे नसतात. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मान्य केले, की पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्व येथील सैनिकांचे व मजुरांचे, नावानिशी स्मरण झालेच नव्हते. प्रत्येक मृताचे नाव समान रीतीने कोरण्याचे तत्त्व ज्या संस्थेने जाहीर केले होते, तिचीच ही कबुली आहे.

स्वतंत्र भारताच्या हवाई निरीक्षण तुकड्यांचा आरंभ फाळणीबरोबरच झाला. लाहोर येथील ६५९ क्रमांकाचे ब्रिटिश स्क्वॉड्रन १४ ऑगस्ट १९४७ रोजी विसर्जित झाले व त्याची सामग्री भारत आणि पाकिस्तान यांत विभागली गेली. भारताने पुढे ६५९ व ६६० हे क्रमांक आपल्या हवाई निरीक्षण स्क्वॉड्रनांना दिले. त्यामुळे एकाच क्रमांकाखाली दोन देशांचे इतिहास येतात. १९४४ मधील ६६० आणि १९७१ मधील ६६० यांची गल्लत केल्याने नोंदी चुकीच्या ठिकाणी पडू शकतात. भारतीय वैमानिकही तोफखान्याचेच अधिकारी होते आणि १९८६ पर्यंत या तुकड्या वायुसेनेच्या व्यवस्थेत राहिल्या. ऑस्टर विमानांनंतर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने बांधलेले कृषक हे विमान आले. नाव शेतकऱ्याचे असले, तरी त्याचे काम रणभूमीवरचे होते. अशी ६८ विमाने बांधण्यात आली. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे मेजर आत्मासिंग यांनी कृषक विमानातून वायुसेनेच्या हंटर विमानांना पाकिस्तानी रणगाड्यांवर मारा करण्यासाठी मार्गदर्शन केले. त्याच महिन्यात शकरगढ क्षेत्रात तोफमारा दिग्दर्शित करीत असता कॅप्टन प्रदीपकुमार गौर यांच्यावर पाकिस्तानच्या सेबर जेट विमानांनी हल्ला केला. शस्त्रहीन, पंख्याचे विमान आणि जेट लढाऊ विमाने यांचा हा सामना होता. गौर मृत्युमुखी पडले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले.

पदक मिळालेल्या वैमानिकाचा शोध सोपा असतो, कारण भारताच्या राजपत्रात नाव, तुकडी आणि तारीख मिळते. पदकाविना मेलेल्या वैमानिकासाठी, तसेच सराव उड्डाणात किंवा हवामानामुळे झालेल्या अपघातात मेलेल्यासाठी असा आधार नसतो. शिवाय युद्धात गेलेला आणि युद्धकाळात अपघाताने गेलेला असा भेद काही याद्या करतात, काही करीत नाहीत. संख्या देणाऱ्या लेखकाने आपण कोणती यादी घेतली, हे सांगणे आवश्यक असते. तोफखान्याच्या जवानांचे अभिलेख नासिक रोड येथे ठेवले जातात. अधिकाऱ्यांचे अभिलेख दिल्लीतील सेनामुख्यालयाच्या अखत्यारीत येतात. वैमानिक अधिकारी असल्याने त्याची कागदपत्रे त्याच्या हाताखालच्या सैनिकांच्या कागदपत्रांपासून दूर पडतात. वडशासारख्या आडबाजूच्या गावातील कुटुंबाने शोध सुरू करावयाचा तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून. सेवाक्रमांक हाती असल्यास पुढचा मार्ग सुकर होतो. केवळ नावावरून केलेला शोध बहुधा फसतो. कारण रोमन लिपीतील मराठी व गोंडी नावांची रूपे कार्यालयागणिक बदलतात.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी भूसेना विमानन दल स्वतंत्रपणे स्थापन झाले. त्याचे पहिले वैमानिक मुख्यतः तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकड्यांतूनच आले होते. दलाचे लढाऊ विमानन प्रशिक्षण विद्यालय २००३ पासून नासिक रोड येथे आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या त्यागचक्रात १९४७ नंतरच्या २५,९४२ हुतात्म्यांची नावे ग्रॅनाइटच्या शिळांवर कोरलेली होती. १९८६ पूर्वी मारल्या गेलेल्या निरीक्षक वैमानिकाच्या हयातीत विमानन दल अस्तित्वातच नव्हते. त्याचे नाव पाहू इच्छिणाऱ्याने प्रथम त्याची मूळ तोफखाना रेजिमेंट आणि मृत्यूचे वर्ष निश्चित करून घ्यावे.