पडद्यामागचा नोकर आणि त्याची ओळख

आजचा विषय वरवर संगणकाचा आहे, पण त्यातला प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे: दारात उभा आहे तो कोण?

1867 मध्ये मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एक काल्पनिक जीव मांडला. दारापाशी बसून, न थकता, रेणू निवडणारा. त्यावरूनच 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत कॉर्बाटो यांच्या मंडळींनी पडद्यामागे राबणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हटलं. 1993 मध्ये विंडोज एनटी आली; तिथं त्याचं नाव 'सर्व्हिस'. समोर कुणी बसलेलं नाही, कुणी लॉगिन केलेलं नाही, तरी काम चालू.

घोटाळा इथंच होतो, बरं का. ऑपरेटर दिवसा स्वतः प्रोग्रॅम चालवतो, डेटाबेस उघडतो. तोच प्रोग्रॅम रात्री सर्व्हिस म्हणून चालतो आणि प्रवेश नाकारला जातो. प्रोग्रॅम तोच, मशीन तेच. मग बदललं काय? मागणारा बदलला! दिवसा ऑपरेटरचं खातं होतं, रात्री सिस्टीमचं. जुन्या एनटीत हे खातं आपल्या मशीनवर सर्वाधिकारी, पण नेटवर्कवर बिननावाचं. गावात पाटील, परगावी अनोळखी. दुसऱ्या मशीनवरचा डेटाबेस त्याला आत का घेईल? 2001 च्या एक्सपीत 'नेटवर्क सर्व्हिस' हे खातं आलं. ते बाहेर मशीनच्या नावाने ओळख सांगतं.

म्हणून शोधाला क्रम हवा. आधी लॉग वाचा. 'लॉगिन नाकारलं' आणि 'सर्व्हर सापडला नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात अडचण ओळखीची किंवा अधिकाराची, दुसऱ्यात बहुधा रस्त्याची. मग पाहा, मशीन सुरू होताना डेटाबेस तयार होण्याआधीच सर्व्हिस उठली का? आणि चाचणी सर्व्हिसच्याच खात्याने घ्या, आपल्या नव्हे.

लोक काय करतात? वैतागून सर्व्हिसला सगळेच अधिकार देऊन टाकतात. काम चालू होतं, हे खरं. पण उद्या त्या सर्व्हिसमध्ये कुणी शिरला, तर सगळा डेटाबेस त्याच्या हाती. कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 मध्येच मांडलं होतं.

हे मोझरीत कशाला सांगतो? सातबारा, पीककर्ज, रेशन, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं नाव आता डेटाबेसात आहे. 'सर्व्हर डाऊन आहे' एवढं ऐकून तो खिडकीवरून परतला, की त्याचा दिवस बुडतो, मजुरीही बुडते. तुमची मुलं या कामात असतील, तर त्यांना सांगा: माणसाला परत पाठवण्याआधी लॉग उघडा, आणि नकार कुणाच्या नावावर पडला ते पाहा.