मागापासून संगणकापर्यंत

आज आम्ही संगणकाबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. कारण ही गोष्ट सुरू होते ती मागावर, आणि सुई, दोरा, वीण यांच्याशी आपली ओळख जुनी आहे.

मागच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या आम्ही तिघी एका शाळेत गेलो होतो. नववीच्या मुलींशी गप्पा रेकॉर्ड करायच्या होत्या. संगणकाचा तास कसा असतो, असं विचारलं. एक मुलगी म्हणाली, "ताई, कीबोर्डवर मुलगे बसतात. आम्ही मागे उभ्या राहून वहीत उतरवून घेतो." तिची वही पाहिली. संगणकाच्या भागांची सुबक आकृती, प्रत्येक भागाला नाव. पण त्या यंत्राला स्वतःहून एक काम सांगायची संधी तिला वर्षभरात मिळाली नव्हती. निघताना एका आईने आम्हाला विचारलं, "खरं सांगा बाई, हे काम बायकांचं आहे का?" आम्ही "हो" म्हणालो. पण नुसत्या होकाराने त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. आमचंही झालं नाही. म्हणून आज सविस्तर उत्तर देतो.

फ्रान्समध्ये ल्यों नावाचं शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होतं. कापडात फूल विणायचं तर प्रत्येक ओळीला ठरावीक उभे धागे वर उचलावे लागतात, मग त्यांच्या खालून धोटा जातो. हे धागे ओढायला विणकराच्या जोडीला एक मदतनीस लागायचा, पुष्कळदा लहान मूलच. १८०४ साली जोसेफ मारी जकार यांनी या कामाला पुठ्ठ्याची कार्डं लावली. एका ओळीला एक कार्ड. कार्डात भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. कार्डांची माळ बदलली की माग तोच, पण नक्षी नवी. येवल्याला किंवा इचलकरंजीला जॅकार्ड चढवलेला माग तुम्ही पाहिला असेल, तर तो या जकार यांच्याच नावाने ओळखला जातो.

मुलींनो, संगणकशास्त्राचा पहिला धडा इथेच आहे. भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. आज आपण भोक असेल तर १ लिहितो, नसेल तर ०. अशा एका जागेला 'बिट' म्हणतात.

दोनच खुणांनी किती सांगता येणार, असं वाटेल. मग मराठी व्याकरणातली वृत्तं आठवा. अक्षर लघु असतं किंवा गुरू. तीन अक्षरांचा एक गण. गण किती? आठ: य, र, त, न, भ, ज, स, म. आठच का? पहिल्या जागी दोन पर्याय, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी दोन. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. तीन बिटांतही नेमके आठच प्रकार बसतात. लघु-गुरूंच्या या मांडणीचा हिशोब दोन हजार वर्षांपूर्वी पिंगलाने छंदशास्त्रात मांडला होता. म्हणून आपल्याकडे तेव्हाच संगणक होता असं म्हणायचं नाही, तो नव्हता. पण जे गणित परकं आणि अवघड वाटतं, ते आपण व्याकरणाच्या तासाला आधीच पाठ केलेलं असतं, एवढं मात्र खरं. आठ बिट घेतले की २५६ प्रकार होतात, सोळा घेतले की ६५,५३६. तेवढ्यात मराठीच काय, कितीतरी भाषांची अक्षरं बसतात. आज मोबाइलमध्ये 'क' या अक्षराला २३२५ हा क्रमांक आहे, आणि तो क्रमांक शून्य-एकच्याच ओळीत साठवला जातो.

आता इंग्लंडला जाऊ. चार्ल्स बॅबेज नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात एका मोठ्या हिशोबी यंत्राचा आराखडा केला. त्याला जकार यांची कार्डं ठाऊक होती. त्याने ठरवलं, यंत्राला हुकूम द्यायचे तेही भोकांच्या कार्डांनीच. यंत्राचे त्याने दोन भाग केले. आकडे ठेवायला एक कोठार आणि आकडेमोड करायला एक गिरणी. धान्य कोठीतून काढायचं, दळायचं, पीठ पुन्हा डब्यात भरायचं, तसंच हे. आजच्या संगणकात कोठाराला मेमरी म्हणतात आणि गिरणीला प्रोसेसर.

ते यंत्र पूर्ण बांधून कधीच झालं नाही. पण त्याचं मर्म ओळखणारी एक बाई तेव्हा होती. एडा लव्हलेस, जन्म १८१५. या यंत्रावरचा एक फ्रेंच लेख तिने इंग्रजीत आणला आणि १८४३ साली तो छापून आला. लेखाला तिने स्वतःच्या टिपा जोडल्या, त्या मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या. शेवटच्या टिपेत एका अवघड गणिताची रीत तिने यंत्रासाठी पायरी-पायरीने मांडली. कोणत्या आकड्यावर आधी काय करायचं, कुठून मागे फिरून तेच काम पुन्हा करायचं. आज याला प्रोग्रॅम म्हणतात, आणि पुन्हा-पुन्हा करायच्या भागाला लूप. स्वेटर विणताना 'दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत' असं आपण म्हणतो ना, तो लूपच. आकड्यांच्या जागी सूर ठेवले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, असंही तिने लिहून ठेवलं. आणि बजावलं, की यंत्र स्वतःहून काही सुचवत नाही, आपल्याला जे सांगता येतं तेवढंच ते करतं.

एडाला गणित शिकवणारे ऑगस्टस डी मॉर्गन मोठे विद्वान. त्यांना तिची बुद्धी मान्य होती. तरी तिच्या आईला लिहिलेल्या पत्रात त्यांनी शंका काढली, की एवढ्या गणिताचा ताण बाईच्या प्रकृतीला झेपेल का? म्हणजे आपल्या त्या आईने विचारलेला प्रश्न किती जुना आहे, पाहा.

यानंतर बराच काळ 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राचा नव्हताच, तो माणसाचा हुद्दा होता. दिवसभर बसून आकडेमोड करणारी व्यक्ती म्हणजे कॉम्प्युटर. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या मार्गाचे तक्ते करायला गणित शिकलेल्या मुली नेमल्या होत्या. एका गोळ्याचा मार्ग काढायला टेबलावरचं मोजणी यंत्र वापरूनही तीस ते चाळीस तास लागत. हे काम लवकर व्हावं म्हणून फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात 'एनिअॅक' नावाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र उभं राहिलं. वजन सुमारे ३० टन, आत सुमारे १८,००० निर्वात नळ्या.

यंत्र बांधलं, पण त्याच्याकडून काम करून कोण घेणार? १९४५ साली त्यासाठी सहा जणी निवडल्या गेल्या: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तक नव्हतं. सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगीसुद्धा नव्हती. हातात दिले ते जोडणीचे नकाशे. ते वाचून त्यांनी यंत्र समजून घेतलं आणि मग तारा जोडून, स्विच फिरवून त्याला काम शिकवलं.

१५ फेब्रुवारी १९४६ ला मोठ्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. बेटी आणि जीन यांचा प्रोग्रॅम एक सोडून सगळ्या बाबतीत बरोबर चालत होता. गोळा जमिनीला टेकला की यंत्राने थांबायला हवं, ते थांबेना. हिशोबात गोळा जमीन फोडून खाली चाललेला! रात्री उशिरा दोघी घरी गेल्या. बेटीला झोपेत उलगडा झाला. सकाळी येऊन तिने एक स्विच एक घर सरकवला आणि सगळं जुळलं. ज्याला अट म्हणतात ती हीच: 'असं झालं तर थांब, नाहीतर पुढे चाल.' चूक शोधून काढणं, म्हणजे डीबगिंग, तेही हेच. भाकरी फुगली तर उतरवायची, नाहीतर परतायची, ही अट आपण रोज लावतो. फरक एवढाच की यंत्राला डोळे नाहीत, म्हणून ती आपल्याला शब्दांत सांगावी लागते.

प्रात्यक्षिक गाजलं. त्या दिवशी यंत्राने गोळ्याचा मार्ग सुमारे २० सेकंदांत काढला. रात्री मेजवानी झाली. या दोघींना बोलावणं नव्हतं. पुढे चाळीसएक वर्षं फोटोत यंत्राजवळ उभ्या असलेल्या या बायका शोभेसाठी उभ्या केलेल्या असाव्यात, असंच लोक धरून चालले. खरी हकिगत नंतर उजेडात आली, आणि १९९७ साली त्या सहा जणींचा जाहीर सन्मान झाला.

तारा आणि स्विच यांच्यापेक्षा शब्दांत सांगता आलं तर बरं, असं ज्यांना वाटलं त्यांतल्या एक ग्रेस हॉपर. अमेरिकी नौदलातल्या या गणिताच्या प्राध्यापिका. माणसाने लिहिलेल्या खुणांवरून यंत्राचे हुकूम यंत्रानेच तयार करावेत, अशी सोय त्यांनी १९५२ साली करून दाखवली. तिला कम्पायलर म्हणतात. दुभाषाच म्हणा ना. आज मुलं शाळेत शिकतात त्या भाषा यंत्रापर्यंत पोहोचतात त्या अशाच दुभाषांच्या मदतीने.

आता शेवटचा धागा. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्या यानाच्या संगणकाचा प्रोग्रॅम चक्क विणलेला होता. अमेरिकेतल्या कारखान्यात बायका समोरासमोर बसून बारीक चुंबकी कड्यांमधून तांब्याची तार सुईने ओवत. तार कडीच्या आतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. एक टाका चुकला तर दुरुस्तीला वेळ जाई, म्हणून कापड उद्योगात हात बसलेल्या बायकांना तिथे मागणी होती. ल्योंच्या कार्डातलं भोक आणि चंद्रावर गेलेली ही कडी, दोन्हींचा अर्थ एकच. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक सुरू झाला, त्याची मेमरी अशाच चुंबकी कड्यांची होती, मात्र त्यांत शून्य-एक बदलून लिहिता येत. पुढे त्याला 'टिफ्रॅक' असं नाव मिळालं.

मग बाई मागे कधी सरली? जोवर हे काम कारकुनी समजलं जात होतं, तोवर बायका चालत होत्या. त्यात मान आणि पैसा आला, तशा जागा पुरुषांकडे गेल्या. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. पुढे हा आकडा २० टक्क्यांच्या खाली आला. अभ्यासकांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक फार साधं आहे. घरात पहिला संगणक आला तो मुलाच्या खोलीत गेला. कॉलेजात आल्यावर मुलाचा हात बसलेला होता, मुलीचा नव्हता. बुद्धी दोघांची तीच होती.

हे वाचलं तेव्हा आम्हाला त्या शाळेतली वही आठवली. कीबोर्डवर कोण बसतं आणि मागे कोण उभं राहतं, हे नववीतच ठरून जातं.

म्हणून आयांनो, एवढं करा. पालकसभेला गेलात की विचारा, संगणकाच्या तासाला मुलींची पाळी लावता का? घरात मोबाइल एकच असेल तर अभ्यासाचा अर्धा तास मुलीच्या नावावर ठेवा. आणि मुलींनो, वीज नसली, संगणक नसला तरी आज रात्री एक खेळ खेळा. भाकरी कशी करायची, हे काहीच न कळणाऱ्या यंत्राला सांगतोय असं समजून एकेक पायरी वहीत लिहा. 'तर' आणि 'नाहीतर' कुठे येतं, 'पीठ संपेपर्यंत' कुठे येतं, ते बघा. मग आईला फक्त लिहिलंय तेवढंच करायला सांगा. तवा तापवायचं राहिलंय, हे तेव्हा कळेल! ती चूक शोधा, खोडा, पुन्हा लिहा. तो तुमचा पहिला प्रोग्रॅम.

आम्ही पुढच्या आठवड्यात त्याच शाळेत पुन्हा जाणार आहोत. त्या आईंना भेटून सांगणार आहोत, की हे काम बायकांचं आहे का असं विचारलंत, तर ते सुरू करणाऱ्यांत बायकाच होत्या. आणि मुलीला विचारणार आहोत, "पाळी आली का गं?"

तुमच्या गावच्या शाळेत काय चित्र आहे, तेही आम्हाला कळवा.