रानड्यांचं दुसरं लग्न आणि ‘प्रभाव’ नावाचा निसरडा शब्द

‘नेत्याच्या नैतिक आचरणाचा अनुयायांवर प्रभाव पडतो.’ असं वाक्य तुमच्या संशोधन आराखड्यात असेल, तर त्याखाली आत्ताच पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या पहिल्या आराखड्यात ते होतं. मार्गदर्शकांनी समासात तीनच प्रश्न लिहिले: कोणावर? कधी? कशावरून? त्या तीन शब्दांनी माझे सहा महिने खाल्ले. ते कसे, हे एका उदाहरणावरून बघू.

महादेव गोविंद रानडे विधवा पुनर्विवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडित आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एका ब्राह्मण विधवेचा पुनर्विवाह घडवून आणला. त्यावरून ज्यांच्यावर बहिष्कार पडला, त्यांत रानडेही होते. १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. आता हे विधवेशी लग्न करणार, अशी अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती. त्यांनी घाईघाईने मुलगी ठरवली आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं.

इथे आपला मोह काय असतो? ‘नेता डळमळला, म्हणून चळवळ डळमळली’ असं लिहून मोकळं व्हायचं. मीही तेच केलं होतं. आता तीन प्रश्न लावून बघा.

कोणावर? विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं, हे खरं. ‘सुधारक बोलतात एक आणि करतात एक’ हा टोमणा रानड्यांना आयुष्यभर ऐकावा लागला. पण सहकाऱ्यांचं काय? विष्णुशास्त्री पंडितांनी पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, स्वतः एका विधवेशी लग्न केलं. म्हणजे नेत्याने पाऊल मागे घेतलं की सगळेच मागे सरतात, असं काही नाही.

कधी? रा. गो. भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह १८९१ मध्ये केला. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं ते ११ मार्च १८९३ रोजी. या घटना १८७३ च्या ‘नंतर’ घडल्या, पण ‘त्यामुळे’ घडल्या किंवा ‘तरीही’ घडल्या, हे नुसत्या सनावळीतून सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या माणसांनी स्वतः काय लिहून ठेवलंय, ते वाचावं लागतं.

कर्व्यांचं उदाहरण तर आणखी अवघड आहे. बोलले तसं वागले, अगदी निर्विवाद. पण मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही बसली. आता तुम्ही मुरूडमधले एखादे तरुण आहात असं समजा. या प्रकारातून तुम्ही काय शिकला असता? ‘असं करता येतं’ हे, की ‘असं केलं तर आई-भावाला भोगावं लागतं’ हे? एकच आचरण कुणाला धीर देतं, कुणाला धाक घालतं. कर्वे नुसत्या उदाहरणावर थांबले नाहीत, हेही बघा. १८९३ मध्येच त्यांनी पुनर्विवाहासाठी मंडळी काढली, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमाचं काम सुरू केलं आणि पुढे पुनर्विवाहापेक्षा शिक्षणावर भर दिला. माझा निष्कर्ष असा की मागून येणाऱ्याला पुढच्याचं धैर्य दिसलं तरी पुरत नाही. त्याला आधारही लागतो.

कशावरून? या लग्नाची आतली हकीकत आपल्याला मुख्यतः रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मधून कळते. पुस्तक छापलं गेलं १९१० मध्ये. म्हणजे लग्नाला छत्तीस-सदतीस वर्षं झालेली, रानडे जाऊन नऊ वर्षं झालेली, आणि सांगणारी त्यांची पत्नी. वडील-मुलातला पेच घडला तेव्हा ती घरात आलेलीही नव्हती. म्हणून हे साधन टाकून द्यायचं का? मुळीच नाही. फक्त ‘असं घडलं’ लिहिण्याऐवजी ‘रमाबाई असं सांगतात’ एवढं लिहायचं.

आणि याच पुस्तकात मला माझी चूक सापडली. लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना लगेच शिकवायला घेतलं, घरच्या बायकांचा विरोध असतानाही ते चालू ठेवलं. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन उभं केलं. मी अनुयायी शोधत होते सभांमध्ये आणि वर्तमानपत्रांत. पण रानड्यांचं आचरण सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त काळ पाहिलं होतं ते त्या अकरा वर्षांच्या मुलीने. ज्या लग्नामुळे रानडे कमी पडले, त्याच लग्नात हे शिक्षण घडलं. म्हणून लग्न योग्य ठरत नाही, आणि चुकीचं होतं म्हणून शिक्षण पुसलं जात नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात.

आता तुमच्या आराखड्यातलं ते वाक्य काढा आणि पुन्हा लिहून बघा. ‘अनुयायी’ या शब्दाच्या जागी निदान एका माणसाचं नाव आणि एक वर्ष टाका. नाव सुचत नसेल, तर लिहिणं थांबवा आणि दप्तरखान्यात जा. अजून वेळ आहे.